शेरलॉकचा बाप बर्फावर

मोडनिंबच्या पोराला बर्फ भेटतो कुठं? हायवेच्या कडेला रसवंतीत, गोणपाटात गुंडाळलेला. दुसऱ्यांदा भेटला तो २०१४ च्या मार्चमध्ये, गारा होऊन. त्यानं जिल्ह्यातल्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागा अशा झोडपल्या की त्याचं नाव अजून कुणी हौसेनं काढत नाही. त्यामुळं पायाला लांब फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून घसरत जायचं, हा प्रकार आपल्याला फक्त हिंदी पिक्चरच्या गाण्यात माहीत. त्या फळ्यांना स्की म्हणतात हेसुद्धा बऱ्याच जणांना होस्टेलवर आल्यावर, टीव्ही रूममध्ये कळतं.

तर मित्रांनो, ही गोष्ट अशाच एका नवशिक्याची आहे. हा गडी चौतीस वर्षांचा, सहा फुटांहून उंच, वजन शंभर किलोच्या घरात, पेशानं डॉक्टर, मिशा झुपकेदार. त्याला स्की येत नव्हतं. त्याच्या दोन मित्रांना येत होतं, म्हणजे त्याच्यापेक्षा बरं येत होतं. तिघं मिळून २३ मार्च १८९४ रोजी पहाटे निघाले आणि आल्प्सची एक खिंड ओलांडून पलीकडच्या गावात जेवायला पोचले. त्या नवशिक्याचं नाव आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्सचा जन्मदाता! भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स आपल्यातल्या अनेकांनी शाळेच्या लायब्ररीतून नेऊन रातोरात वाचलेला असेल. पण होम्सचा हा बाप एका बर्फाळ उतारावर विजारीच्या बुडावर घसरत खाली आला होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

डॉयलचा जन्म २२ मे १८५९ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचा. वडील चार्ल्स सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. हात चित्रकाराचा, पण दारूनं सगळं घालवलं. पुढं त्यांना इस्पितळांतच दिवस काढावे लागले. घर आईनं ओढलं. पोराला गोष्टींचं वेड लागलं तेही आईमुळंच. काही नातलगांच्या मदतीनं तो जेझुइटांच्या बोर्डिंगात शिकला आणि १८७६ साली एडिंबरोच्या मेडिकलला लागला. तिथं जोसेफ बेल नावाचे सर्जन शिकवायला होते. पेशंट दारातून आत आला की त्याची चाल, हात, बूट बघून हे सर त्याचा धंदा आणि गाव सांगायचे. पोरं तोंडात बोटं घालायची. या बेल सरांचाच पुढं शेरलॉक झाला. (आपल्याकडंही असे एकदोन सर असतात. जर्नल बघूनच कुणाचं कुणी कॉपी केलंय ते सांगतात. त्यांच्यावर अजून कुणी कादंबरी लिहिलेली नाही, एवढंच.)

डॉयलचा एक स्वभाव या काळातच दिसतो. येत नसलेल्या गोष्टीत उडी मारायची आणि ज्यांना येतं त्यांच्या संगतीत पडत-झडत शिकायचं. १८८० साली एक वर्गमित्र व्हेल मारणाऱ्या बोटीवर डॉक्टर म्हणून जाणार होता. त्याचं ऐनवेळी रद्द झालं. त्यानं डॉयलला विचारलं, आणि हा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी डिग्री हातात नसताना निघालासुद्धा! बोटीचं नाव होप, बंदर पीटरहेड, कप्तान जॉन ग्रे. पहिल्याच दिवशी बोटीवरच्या स्टुअर्डनं याच्या सामानातले बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज बघितले, दोघांची कुस्ती जुंपली आणि डॉक्टरसाहेब खलाशांत खपून गेले. पुढं सीलच्या शिकारीला बर्फावर उतरायची वेळ आली. इतर लोक वर्षानुवर्षं त्या तरंगत्या बर्फावर चाललेले, आणि हा पहिल्या काही दिवसांतच अनेकदा घसरून थेट आर्क्टिकच्या पाण्यात! कप्तानानं त्याला पाण्यात बुडी मारणाऱ्या एका उत्तरेकडच्या पक्ष्याचं नाव ठेवलं. एकविसावा वाढदिवस त्यानं तिथंच, उत्तरेच्या बर्फात केला. सुमारे सहा महिन्यांनी परतला तेव्हा हात कामानं टणक झालेले आणि खिशात पन्नासेक पौंड. ते त्यानं आईला दिले.

बर्फाची ही पहिली भेट. दुसरी व्हायला चौदा वर्षं गेली, आणि मधल्या काळात बरंच काही घडलं.

डॉक्टरकी काही चालेना. १८८२ साली त्यानं पोर्टस्मथजवळ साउथसीला पाटी लावली तेव्हा जवळ दहा पौंडसुद्धा नव्हते. पेशंटची वाट बघता बघता लिहायला लागला. फुटबॉलमध्ये पोर्टस्मथच्या हौशी संघाचा गोलकीपर झाला, तोही ए. सी. स्मिथ या खोट्या नावानं. १८८५ मध्ये लुईझा हॉकिन्सशी लग्न झालं. तिला घरात टूई म्हणायचे. शांत, सोशिक बाई. १८८७ मध्ये होम्सची पहिली कादंबरी छापून आली आणि सगळ्या हक्कांचे मिळून मिळाले पंचवीस पौंड. प्रकाशकाला आयुष्यभर पुरेल असा माल अन् लेखकाला चणे-फुटाणे!

आता एक प्रसंग नीट लक्षात ठेवा, कारण पुढं त्याचा संबंध आहे. १८९० च्या नोव्हेंबरात बर्लिनमधून बातमी आली की रॉबर्ट कॉख यांना क्षयावर औषध सापडलं. क्षयाचा जंतू शोधणारे ते हेच, १८८२ साली. सगळ्या युरोपातून रोगी आणि डॉक्टर बर्लिनकडं धावले. साउथसीचा हा कोपऱ्यातला डॉक्टरही तसाच गाडीत बसला. व्याख्यानाला आत जायला मिळालं नाही. एका अमेरिकन डॉक्टरनं आपल्या नोट्स दिल्या त्या वाचल्या, वॉर्डांतले पेशंट बघितले, आणि इंग्लंडच्या वर्तमानपत्राला कळवलं की एवढ्यात नाचू नका, हे औषध रोग बरा करतं असं अजून दिसत नाही. सगळं जग एकीकडं असताना हे लिहायला छाती लागते. आणि त्याचंच खरं निघालं. ट्युबरक्युलिन पुढं रोग ओळखायच्या चाचणीपुरतंच उरलं.

या बर्लिनच्या फेरीनंतर त्यानं साउथसी सोडलं. १८९१ मध्ये व्हिएन्नाला डोळ्यांचं शिकून लंडनला दवाखाना टाकला. एकही पेशंट आला नाही. रिकाम्या खोलीत बसून होम्सच्या छोट्या गोष्टी लिहिल्या, त्या जुलैपासून स्ट्रँड मासिकात यायला लागल्या आणि मग काय! डॉक्टरकी सुटली ती सुटलीच. पुढच्या बारा गोष्टींना हजार पौंड मागितले, म्हणजे मासिकवाले नको म्हणतील आणि आपण सुटू. मासिकवाल्यांनी दिले.

आणि मग आलं १८९३. ऑगस्टमध्ये तो टूईला घेऊन स्वित्झर्लंडला गेला, मायरिंगेनजवळचा रायखेनबाखचा धबधबा बघितला. होम्सला मारायची जागा पक्की झाली ती ही. ऑक्टोबरात वडील वारले, इस्पितळातच. त्याच सुमारास टूईच्या कुशीत दुखायला लागलं, खोकला थांबेना. घरात डॉक्टर असून निदान मात्र बाहेरच्या डॉक्टरनं केलं. क्षय. तोही भरधाव पसरणारा. थोडेच महिने काढेल, असं सांगितलं गेलं. मुलगी मेरी पाच वर्षांची व्हायची होती, मुलगा किंग्जली एक वर्षाचा.

ज्या रोगावर औषध नाही असं यानंच तीन वर्षांपूर्वी जगाला बजावलं होतं, तो रोग आता स्वतःच्या घरात. आज आपल्याला सहा महिन्यांचा कोर्स माहीत आहे. पण क्षयावर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ साली. तेव्हा उपाय एकच होता, उंचावरची कोरडी थंड हवा. आपल्याकडं मिरजेजवळ वानलेसवाडीला सॅनेटोरियम निघालं ते याच विचारानं. युरोपात अशा हवेचं सर्वांत नावाजलेलं गाव डाव्होस. समुद्रसपाटीपासून सुमारे १५६० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शेंड्यापेक्षा थोडंसंच खाली, आणि तिथं अख्खं गाव वसलेलं. रोगी हिवाळ्यात गच्चीवर घोंगड्या गुंडाळून उन्हात पडून राहायचे. बाकी काही करायचं नाही, हेच औषध. डॉयल टूईला आणि सोबतीला आपली बहीण लॉटी हिला घेऊन त्या हिवाळ्यात डाव्होसला राहिला. डिसेंबर १८९३ च्या अंकात होम्स धबधब्यात पडून मेला. लंडनचे वाचक संतापून पत्रं पाठवत होते. आणि लेखक इथं दरीतल्या गावात एका खऱ्या मरणाशी घासाघीस करत बसलेला.

दिवसभर लिहायचं. संध्याकाळी टूईजवळ बसायचं. आणि उरलेल्या वेळात या धिप्पाड माणसानं करायचं काय? त्यानं नान्सेनचं पुस्तक वाचलेलं होतं. हा नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन १८८८ मध्ये स्कीवर ग्रीनलंड आडवं पार करून आलेला. डॉयलनं नॉर्वेहून स्कीची जोडी मागवली. आठ फूट लांब, चार इंच रुंद, एल्मच्या लाकडाच्या दोन फळ्या, पुढचं टोक वर वळवलेलं, मध्ये बूट अडकवायला चामड्याचे पट्टे. टाच मोकळीच. हातात एकच लांब काठी. आजच्यासारख्या दोन काठ्या आणि खटकन बसणारे बूट नंतरचे.

इथं जरा आपल्या ब्रँचचं बोलू. आठ फूट गुणिले चार इंच म्हणजे एका फळीचं क्षेत्रफळ साधारण पाव चौरस मीटर, दोन्हींचं अर्धा. शंभर किलोचा माणूस उभा राहिला तर बर्फावर दाब पडतो सुमारे दोन हजार पास्कल. नुसत्या बुटांवर उभा राहिला तर त्याच्या आठपट. म्हणून बुटानं कमरेपर्यंत रुतणारा माणूस स्कीवर तरंगतो. हे सोपं. पण स्की घसरते का? व्हायवाला विचारलं तर दहातले आठ जण सांगतील की दाबानं बर्फ वितळतो आणि पाण्यावरून घसरतं. आता आकडा घाला. दाब एका वातावरणानं वाढवला तर बर्फाचा वितळणबिंदू ०.००७५ अंशानं उतरतो, आणि इथं दाब आहे एका वातावरणाचा पन्नासावा हिस्सा! त्यानं काय वितळणार? खरं कारण घर्षणाच्या उष्णतेचं आहे. स्की घासली जाते, तिच्याखाली पाण्याचा अतिपातळ थर तयार होतो आणि तोच वंगणाचं काम करतो. बाउडेन आणि ह्यूजेस या दोघांनी १९३९ मध्ये हे प्रयोगानं मांडलं. म्हणजे डॉयल ज्याच्यावर घसरला ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. असो.

डाव्होसमध्ये टोबियास आणि योहानेस ब्रँगर असे दोघे भाऊ होते, गावातलेच दुकानदार. टोबियासनं १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात स्की बघितल्या आणि मागवून घेतल्या. पण शिकवणार कोण? गावात कुणालाच येत नव्हतं. दोघं भाऊ अंधार पडल्यावर गावाबाहेर जाऊन सराव करायचे, कारण दिवसा केलं तर शेजारीपाजारी हसायचे. आपल्याकडं नवी सायकल शिकणारा मोठा माणूस भर दुपारी शाळेच्या ग्राउंडवर जातो, तसंच. मार्च १८९३ मध्ये ते माइनफेल्डर फुर्का ही खिंड ओलांडून आरोझा गावाला जाऊन आले. म्हणजे डॉयलचे हे अनुभवी मित्र अनुभवानं किती मोठे, तर एका-दोन हिवाळ्यांनी. होस्टेलवाल्यांना हे नातं समजावून सांगायला नको. आपल्याला एम-थ्री शिकवणारा सिनियर तो असतो, ज्याचा एम-थ्री गेल्याच सेमिस्टरला सुटलेला असतो. आणि गंमत म्हणजे तोच नीट शिकवतो, कारण कुठं पडायला होतं हे त्याच्या अजून ताजं लक्षात असतं.

तिघांची गट्टी जमली. आधी गावाजवळच्या टेकाडांवर पडापडी झाली. डॉयलनं नंतर स्वतःच लिहून ठेवलंय की या फळ्यांइतकी कावेबाज वस्तू दुसरी नाही. शांत उभं असताना पाय फाकतात, वळायला जावं तर एकमेकांवर चढतात, आणि कुणी ओळखीचं समोरून आलं की हमखास आपटवतात. मग तिघं याकोब्सहॉर्नवर चढले. सुमारे २६०० मीटरचं शिखर. वर पोचल्यावर खाली बघतात तर डाव्होसच्या लोकांनी सलामीला निशाणं खाली उतरवलेली! जे गाव हसत होतं तेच.

त्यानंतर ठरलं, फुर्का. डाव्होस आणि आरोझा ही तशी शेजारची गावं, पण मध्ये डोंगराची भिंत. हिवाळ्यात खिंड बंद व्हायची, मग खाली कूर शहराला वळसा घालून जायचं. म्हणजे मोडनिंबहून पंढरपूरला जायला आधी सोलापूर गाठा आणि तिथून परत या, असा कारभार. खिंडीची उंची सुमारे २४४० मीटर. कळसूबाईवर आणखी आठशे मीटर चढवा.

पहाटे चार-साडेचारच्या सुमाराला तिघं निघाले. एवढ्या लवकर निघण्यात हौस नव्हती. मार्च महिना, सूर्य वर आला की बर्फ भुसभुशीत होतो आणि कडे सुटायला लागतात. रात्री गोठून कडक झालेला थर आहे तोवर चढून घ्यायचं, हा हिशेब. फ्राउएनकिर्खपर्यंत वाटेनं गेले, स्की खांद्यावर. तिथून उजवीकडं चढ सुरू झाला. देवदाराच्या जातीची झाडं संपली, उजाडायला लागलं, आणि पुढं नुसतं पांढरं. सरळ वर चढता येत नाही, फळ्या मागं घसरतात. म्हणून घाटासारखी वळणं घेत, आडवं जायचं, वळायचं, परत आडवं जायचं. आठ फुटांच्या फळ्या घेऊन उतारावर वळणं म्हणजे बोळात ट्रॅक्टर-ट्रॉली वळवण्यासारखंच. मध्ये एक आडवा उतार असा लागला की वर बर्फाचा पातळ थर, खाली टणक गोठलेलं, आणि पाय सुटला तर थांबायला खाली काहीच नाही. त्या पट्ट्यात गप्पा बंद झाल्या असणार. इथं हा शंभर किलोचा लेखक जगातल्या सर्वांत लाडक्या गुप्तहेराला नुकताच दरीत ढकलून आलेला आणि स्वतः एका कड्यावर लाकडी फळीच्या कडेवर उभा. मागं डाव्होसला बायको त्याची वाट बघत पडलेली.

आपण त्याच्या जागी असतो तर गेलो असतो का? घरी एवढं दुखणं असताना हा डोंगर कशाला चढतोय, असं वाचताना मनात येतंच. पण सोलापूरच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याबाहेर रात्री अकराला चहाच्या गाड्यावर उभी असलेली माणसं बघा. पेशंटजवळ बसणाऱ्याला अधूनमधून मोकळा श्वास घ्यायला बाहेर पडावंच लागतं. कुणी चहापर्यंत जातं, हा खिंडीपर्यंत गेला. मला त्यात वावगं वाटत नाही. वावगं पुढं आहे, ते येईलच.

खिंडीच्या माथ्यावरून मग उतार. आणि इथं पहिल्यांदा त्याला कळलं की ही कटकट लोक कशासाठी करतात. पाय हलवायचे नाहीत, नुसतं उभं राहायचं, आणि मैलच्या मैल पांढरा उतार पायाखालून वाहत जातो. आवाज फक्त फळ्यांखाली बर्फ सळसळल्याचा. पडला, उठला, परत घसरला. आयुष्यात पंखांच्या इतक्या जवळ जाणारं दुसरं काही नाही, असा त्याच्या लिहिण्याचा सूर आहे.

पण शेवटी एक टप्पा आला तो जवळजवळ उभाच. तिथं उभ्यानं उतरायची सोय नव्हती. ब्रँगर बंधूंनी तोडगा काढला. स्की पायातून काढा, दोन्ही पट्ट्यांनी एकत्र बांधा, त्यावर बसा, टाचा बर्फात रोवा, काठी मागं दाबून ब्रेक लावा आणि सोडा. देशी जुगाड! दोघं भाऊ गेले पुढं. डॉयल बसला. काठी दाबली तर गाडी आडवी व्हायला लागली. टाचा रोवल्या तर तो उताणा पडला. आणि त्याच क्षणी बुडाखालच्या दोन्ही स्की बाणासारख्या सुटल्या, ब्रँगर बंधूंच्या बाजूनं सूं करत गेल्या आणि पुढच्या उतारापलीकडं दिसेनाशा झाल्या. मालक मऊ बर्फात बसलेले. स्की खाली बऱ्याच अंतरावर सापडल्या. तिथपर्यंत जायचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे बसूनच. अंगात हॅरिस ट्वीडची विजार होती. हे कापड कधी झिजत नाही असं त्याच्या शिंप्याचं म्हणणं. ते म्हणणं फुर्का आणि आरोझा यांच्या मध्ये कुठंतरी संपलं. उरलेला दिवस हा जगप्रसिद्ध लेखक शक्यतो भिंतीला पाठ लावून उभा होता.

साडेअकराच्या सुमाराला तिघं आरोझात. हे एवढ्या लवकर पोचतील असं गावातल्या लोकांना वाटलं नव्हतं, ते दुर्बिणी लावून डोंगराकडं बघायला जमले तोवर तिघांचं जेवण उरकत आलं होतं. हॉटेलात रजिस्टर भरायची वेळ आली ती टोबियासनं भरली. व्यवसायाच्या रकान्यात डॉयलपुढं त्यानं लेखक लिहिलं नाही, डॉक्टरही नाही. खेळाडू असं लिहिलं, स्पेलिंग मोडकं करून. डॉयलला पुढं सर ही पदवी मिळाली, पण या नोंदीची गोष्ट तो जेवढ्या खुशीत सांगतो तेवढ्या खुशीत त्या पदवीची सांगत नाही. आणि का सांगावी! नवशिक्याला खेळाडू म्हणायचा अधिकार ज्याला असतो, त्यानंच ते लिहिलं होतं.

डिसेंबर १८९४ च्या स्ट्रँडमध्ये त्यानं हा सगळा प्रकार लिहिला, स्वतःच्या फजितीसकट. एक दिवस शेकड्यांनी इंग्रज स्कीसाठी स्वित्झर्लंडला येतील, असंही भाकीत करून ठेवलं. ते इतकं खरं ठरलं की आज डाव्होसमध्ये त्याच्या नावाची पाटी आहे. मात्र काही ठिकाणी लिहिलेलं असतं की स्वित्झर्लंडमध्ये स्की डॉयलनंच आणली, ते धादांत चूक. ब्रँगर त्याच्या आधीचे. ग्लारुसच्या लोकांनी तर १८९३ च्या जानेवारीतच प्रागेलची खिंड स्कीवर ओलांडली होती. डॉयलनं केलं ते एवढंच की पडल्याचं नीट लिहून काढलं. आणि तो होम्सवाला असल्यामुळं ते सगळ्यांनी वाचलं.

टूई काही महिन्यांत गेली नाही. डाव्होस, मग इजिप्त, मग इंग्लंडात सरेच्या टेकडीवर हवेसाठी मुद्दाम बांधलेलं घर. डॉक्टरांचे अंदाज चुकवत ती तेरा वर्षांच्या आसपास जगली आणि ४ जुलै १९०६ ला गेली. आता ते वावगं. १८९७ च्या मार्चमध्ये डॉयलला जीन लेकी भेटली आणि तो तिच्या प्रेमात पडला. टूईला सोडलं नाही, तिची सेवा चालू ठेवली, जीनशी मर्यादा पाळली असं तो आणि त्याचे चरित्रकार सांगतात. तरी नऊ वर्षं एका घरात एक बाई खोकत होती आणि घरातला माणूस मनानं दुसरीकडं होता. पोरांना त्याचा त्रास झालाच. टूई गेल्यावर वर्षभरानं, सप्टेंबर १९०७ मध्ये, जीनशी लग्न झालं. या बाबतीत त्याला मोठं करायची आणि धुऊन काढायची, दोन्हीची गरज वाटत नाही.

मधल्या काळात तो बोअर युद्धात ब्लूमफाँटेनच्या फील्ड हॉस्पिटलात विषमज्वराचे पेशंट बघत होता. १९०० मध्ये क्रिकेटच्या मैदानावर त्यानं डब्ल्यू. जी. ग्रेसची विकेट काढली, आणि प्रथम श्रेणीत त्याला मिळालेली तेवढी एकच. १९०२ मध्ये सर झाला, १९०३ मध्ये होम्सला जिवंत करावं लागलं.

टूईच्या मृत्यूनंतर तो काही महिने मोडून पडला होता. त्यातून त्याला बाहेर काढलं ते एका मुंबईकराच्या मुलानं. शापूरजी एदलजी हे मुंबईचे पारशी, ख्रिस्ती होऊन इंग्लंडात एका खेड्याचे पाद्री झालेले. त्यांचा मुलगा जॉर्ज वकील. गावात रात्री कुणीतरी घोडे-गुरं चिरत होतं. १९०३ मध्ये जॉर्जला त्यात गोवून सात वर्षांची सजा ठोकली, तीन वर्षांनी सोडलं पण कलंक तसाच. डॉयल त्याला हॉटेलात भेटायला गेला तेव्हा जॉर्ज पेपर वाचत होता, डोळ्याला अगदी लावून, आणि तोही तिरका. डोळ्यांच्या डॉक्टरला एवढं पुरलं. ज्याला दिवसा चार हात लांबचं धड दिसत नाही तो अंधाऱ्या रात्री रूळ, कुंपणं ओलांडून शेतात जाऊन घोडा चिरेल? व्हिएन्नाचं शिक्षण, लंडनचा रिकामा दवाखाना, सगळं या एका नजरेत वसूल झालं. त्यानं १९०७ च्या जानेवारीत वर्तमानपत्रातून झोड उठवली, मे महिन्यात जॉर्जला माफी मिळाली, भरपाई मात्र एक पैसाही नाही. इंग्लंडात फौजदारी अपिलाचं कोर्ट त्याच वर्षी झालं, त्यामागं या प्रकरणाचाही जोर होता.

शेवटची वर्षं वाचवत नाहीत. पहिल्या महायुद्धात सोमला जखमी झालेला किंग्जली १९१८ च्या ऑक्टोबरात फ्लूच्या साथीत गेला. पाठोपाठ भाऊ इनिस. बर्लिनला जाऊन सगळ्या जगाच्या विरोधात पुरावा मागणारा हा माणूस आता अंधाऱ्या खोलीत मेलेल्यांचे आवाज ऐकायला बसू लागला. दोन मुलींनी कागदी पऱ्यांचे फोटो काढले तेही त्यानं खरे मानले. जादूगार हुदिनीशी मैत्री त्यावरूनच तुटली. लोक हसले. हसणाऱ्यांची त्यानं पर्वा केली नाही, गावोगाव, देशोदेशी भाषणं देत हिंडला. ७ जुलै १९३० रोजी क्रोबरोला घरीच वारला.

कूर ते आरोझा रेल्वे १९१४ मध्ये झाली. फुर्काच्या खिंडीतून मात्र आजही गाडीरस्ता नाही. उन्हाळ्यात चालणारे जातात, हिवाळ्यात स्कीवाले. बाकीच्यांनी डाव्होसहून आरोझाला जायचं तर कूरला वळसा घालूनच.